शंभरात सत्तर

सर बाहेर निघाले की कधी परत येणार ते सांगून जायचे. पण सांगायचे असं: "अक्का, बारा ते दीडच्या मधे येतो. शंभरात नव्वद." उरलेल्या दहांत ते अकरालाही दारात उभे राहू शकत होते आणि तिन्हीसांजेलाही. मी भात कधी टाकायचा? सुरुवातीला मी फार गोंधळायची, आणि विचारायला माझं तोंड उघडत नसे. मग मी तांदूळ धुऊन ठेवायला लागले आणि जिन्यावर चपला वाजल्या की कुकर लावायला लागले.

हळूहळू कळलं की हे माझ्याशीच नाही. ते कुणालाच एक आकडा सांगत नसत. ऑटोवाला म्हणाला अर्धा तास लागेल, की सर विचारायचे, अर्धा ते किती? ऑटोवाला मागं वळून बघायचा. समोरच्या घरातले मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले तेव्हा सरांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कन्नडमध्ये नीट हसून सांगितलं की येण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे. ते लोक वर्षभर सरांशी बोलले नाहीत. गंमत म्हणजे सर लग्नाला गेले होते आणि दोनदा होळिगे, म्हणजे पुरणपोळी, मागून घेतली होती.

सर शेतीच्या अर्थशास्त्राचे प्रोफेसर. मूळचे अकोल्याकडचे. नोकरीला बंगळूरला आले ते इथलेच झाले. बायको वारलेली, मुलगी पुण्याला. चामराजपेटेत आमच्या गल्लीजवळच एका जुन्या घराच्या माडीवर ते एकटे राहायचे. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा ते रिटायर झाले होते, पण त्यांची जुनी संस्था दर हंगामाला त्यांच्याकडून काम करून घ्यायची. यंदा बाजारात कांदा किती येईल, कुठून येईल, कधी येईल, याचा अंदाज काढायचा. टोमॅटोचाही असायचा, पण सरांचा जीव कांद्यात.

माझा नवरा बाइंडिंगच्या कारखान्यात आहे. सरांचे जाड रिपोर्ट तिथं बांधायला यायचे. त्या ओळखीनं त्यानं मला एकदा नेऊन उभं केलं आणि स्वतः खाली थांबला. सरांनी मला एकच प्रश्न विचारला. एक किलो कणकेच्या चपात्या किती होतात?

मी पदराचं टोक धरून उभी. मला खरंच कळेना. म्हटलं, "माहीत नाही. पीठ बघून सांगते."

सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "उद्यापासून या."

माझ्याआधी दोघी जणी येऊन गेल्या होत्या, त्यांनी आकडा सांगितला होता म्हणे. ज्याला माहीत नाही असं म्हणता येतं त्याच्या हातचं खायला हरकत नाही, असं सरांचं मत. मी मनात म्हटलं, या माणसाकडं आपलं जमेल. मला जन्मभर माहीत नाही हेच म्हणायची सवय. चौथीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन विजापूरकडच्या गावातून थेट या शहरात आले, चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरते. सर मला अक्का म्हणायचे. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण गल्लीत सगळे अक्का म्हणतात म्हणून तेही.

त्यांच्या मोठ्या खोलीत भिंतभर नकाशा होता, कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हींचा. त्यावर टाचण्या आणि टाचण्यांना लोकरीचे धागे. ही लोकर त्यांच्या बायकोची. स्वेटर विणून उरलेले गुंडे कपाटात होते, ते सरांनी काढले. गदगचा कांदा हिरवा धागा, चित्रदुर्गचा निळा, आमच्या विजापूरकडचा नारिंगी. सगळे धागे येऊन यशवंतपूरच्या, म्हणजे बंगळूरच्या कांदा बाजाराच्या, टाचणीला बांधलेले. त्या भिंतीला झाडू लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एकदा कोळ्यानं त्या धाग्यांतच आपलं जाळं विणलं. मी घाबरत दाखवलं, तर सर चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले राहू दे त्याला, त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं झालंय.

रविवारी सर यशवंतपूरच्या बाजारात जायचे. काही घ्यायचे नाहीत. लॉऱ्या बघायचे, हमालांशी बोलायचे, सडका कांदा कुठल्या गावचा आहे ते विचारायचे. घराजवळच्या भाजीवाल्यांनाही सोडत नसत. ही भेंडी कुठली, गेल्या आठवड्यात कुठली होती, का बदलली? भाजीवाले त्यांना तरकारी मेष्ट्रु म्हणायचे, म्हणजे भाजीचे मास्तर. पिशवी मात्र रिकामीच घेऊन यायचे. भाजी आणायची राहूनच जायची, मग मी परत खाली जायची.

कधी कधी संस्थेतली पोरं यायची, लॅपटॉप घेऊन. त्यातला एक पुण्याचा. आधी इलेक्ट्रॉनिक सिटीत कुठल्या कंपनीत होता, ते सोडून सरांकडं शिकायला आलेला. तो म्हणायचा, "सर, मॉडेल मस्त फिट होतंय, एरर एकदम कमी आलाय." सर म्हणायचे, फार छान शिवलेला सदरा मेलेल्या माणसालाही नीट बसतो, तो चालायला लागला की सांग. जेवताना सर त्या सगळ्यांना अंदाज करायला लावायचे. अंदाज बरोबर आला पण कारण सांगता आलं नाही, की सर त्याला चूक म्हणायचे. चुकला पण कारण चांगलं होतं, की त्याला दुसरी पोळी वाढा म्हणून मला सांगायचे. पुण्याचा पोरगा बारीक होता, पण सरांकडं येऊन जरा भरला.

सर नेमकं काय करतात हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा माझी आमटी खारट झाली. दुसऱ्या दिवशी मी भीतीनं मीठ कमी घातलं, तर अळणी झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा जास्त. सर जेवता जेवता थांबले. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "अक्का, अगदी हेच. शेतकरी हेच करतो."

मग त्यांनी मला समजावलं. गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला नाही की शेतकरी यंदा कांदा लावत नाही. सगळेच लावत नाहीत. मग यंदा कांदा कमी येतो आणि भाव चढतो. चढलेला भाव बघून पुढल्या वर्षी सगळे लावतात, मग पुन्हा पडतो. काल खारट झालं म्हणून आज कमी, आज अळणी झालं म्हणून उद्या जास्त. "फरक इतकाच," सर म्हणाले, "की तुम्ही एकट्या आहात. तिथं एकाच पातेल्यात हजार बायका मीठ घालतायत, आणि कुणी कुणाला विचारत नाही. मी बाहेर बसून सांगायचं, आमटी किती खारट होईल."

मला ते फार आवडलं. मी धीर करून विचारलं की मग तुम्ही आधीच ओरडून सांगितलं तर? आमटी खारट होणार आहे म्हणून?

सर हसले नाहीत. "तर कुणीच मीठ घालणार नाही," म्हणाले, आणि ताटात बघत राहिले.

त्या गप्प बसण्याचं कारण मला पुढं कळलं. ते माझ्या भावामुळं.

माझा धाकटा भाऊ गावी असतो. अडीच एकर रान, म्हणजे शंभर गुंठे, विहिरीला पाणी बरं. त्यानं आदल्या वर्षी सगळ्या रानात कांदा केला होता आणि तो काढायचीही मजुरी निघेना म्हणून त्यात धनगराची मेंढरं सोडली होती. या वर्षी पुन्हा तसंच झालं तर रान वाट्यानं देऊन बंगळूरला येणार, असं त्याचं ठरलं होतं. गावातले दोघं इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या बिल्डिंगींच्या दारावर वॉचमन आहेत, त्यांनी जागा बघून ठेवली होती. मला ते ऐकवत नव्हतं. त्या दोघांकडं मी एकदा गेले आहे. पत्र्याच्या खोलीत सहा जण राहतात. माझा भाऊ रानात उभा राहून हाक मारणारा माणूस. त्याला इथं कुणाच्या तरी गाडीला सलाम ठोकत बसलेला मला बघायचा नव्हता.

त्याचा फोन आला की एकच. "अक्का, तुझ्या सरांना इचार की. कांदा लावू का नको? येवढं मोठं मानूस घरात हाय, आन् तू नुसत्या चपात्या लाटतीस."

मी उद्या विचारते म्हणायची. उद्या काही यायचा नाही. पेरणी तोंडावर आली. शेवटी एकदा सर जेवत होते आणि मी ओट्याकडं तोंड करून, तव्यावरची चपाती उलटता उलटता, विचारून टाकलं. भाऊ विचारतोय, कांदा लावू का. मागं वळून बघायची मला हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताट अर्धं तसंच होतं आणि सर खोलीत गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उंबऱ्यात बसले. त्यांनी सांगितलं ते असं. तरुण असताना ते महाराष्ट्रात एका गावी सभेला गेले होते. तेव्हा त्यांना आपल्या गणिताचा मोठा अभिमान. त्यांनी भर सभेत सांगितलं की येत्या साली कांद्याची टंचाई होणार, भाव इतका इतका होणार. एकच आकडा. गणित बरोबर होतं. पण ते ऐकून त्या गावानं कांदा लावला, शेजारच्या गावानं लावला, तालुक्यानं लावला. आणि टंचाई काही झाली नाही. कांदा रस्त्यावर ओतला लोकांनी. मग एक दिवस त्या गावचे दोघं सरांच्या घरी आले, दोन पोती कांदा दारात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या बोलण्याचं पीक आहे, तुम्हीच खा." शिवी नाही, काही नाही. पाणी प्यायले आणि गेले.

सरांच्या बायकोनं तो कांदा वाळवला, वाटला, शेजारीपाजारी दिला, तरी सहा महिने घरात तोच वास. तिनं त्यांना एका शब्दानंही काही विचारलं नाही, हे सांगताना सर खिडकीबाहेर बघत होते. "तेव्हापासून मी शेतकऱ्याला सांगत नाही, अक्का. कागदाला सांगतो. कागद रान घेऊन बसलेला नसतो."

मी "सरी सर", म्हणजे बरं सर, म्हटलं आणि उठून भांडी घासायला घेतली. मनातून मला बरंच वाटलं, की विचारून झालं, आता भावाला नाही म्हणून सांगता येईल. पण सरांचं काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात फोन सुरू झाले. सर गदगच्या बियाणेवाल्याला फोन लावायचे, चित्रदुर्गच्या, सोलापूरच्या. कांद्याचं बी किती खपलं, गेल्या वर्षी याच दिवसांत किती खपलं होतं? पुण्याचा पोरगा लॅपटॉप घेऊन रोज यायला लागला. नकाशावरचे धागे सुटायचे, पुन्हा बांधले जायचे. मी सकाळी जायची तर अंथरूण कालच्यासारखंच घडी घातलेलं आणि टेबलावर चहाचे कप. पोरानं एकदा मला हळूच विचारलं, संस्थेचा रिपोर्ट तर केव्हाच गेला, मग सर हे कुणासाठी करतायत? मी माहीत नाही म्हटलं. ते खोटं होतं.

मग एका सकाळी मी अजून चपला काढते आहे तोच सर जिन्याच्या तोंडाशी आले. दाढी वाढलेली, डोक्यावर कानटोपी. ती ते बारा महिने घालायचे. म्हणाले, "भावाला सांगा. भाव बरा राहील. शंभरात सत्तर. पण नुसतं सत्तर सांगू नका. तीसही सांगा. तीस विसरू नका."

मी तिथंच जिन्यावर उभी राहून भावाला फोन लावला आणि अक्षर न चुकवता सांगितलं. सत्तरही आणि तीसही. तिकडं तो हसायलाच लागला.

"मंजे शंभरात सत्तर भरवसा ना? मग झालं की. सत्तर गुंठे सरांवर, तीस गुंठे देवावर. सत्तरात कांदा, तिसात तूर."

मी ते सरांना सांगितलं. सर कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. असं नसतं, म्हणाले. कांदा बरा राहण्याचीच शक्यता जास्त आहे, तर गणितानं सगळे शंभर गुंठे कांदाच यायला पाहिजे. भरवशाचे वाटे रानात पाडायचे नसतात. त्यांना ते इतकं लागलं की त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि भावाला स्वतः समजावायला बसले. भाऊ हूं हूं करत ऐकत होता. शेवटी तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं, कारण तो रानातल्यासारखाच बोलतो.

"तुमचं गणित बराबर आसंल सर. पन तुमी माझ्या जागी आसता, तर लावला आसता का सगळा कांदा?"

मी फोनकडं बघत होते, त्यांच्याकडं बघायची लाज वाटली म्हणून. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की," भाऊ म्हणाला.

पण पेरणी झाली, उगवण झाली, तरी सर काही त्यातून बाहेर आले नाहीत. रोज सकाळी विचारायचे, तिकडं पाऊस कसा? पात पिवळी पडली का? फोटो पाठवायला सांगा. भाऊ पाठवायचा. सर फोटो मोठा करून करून बघायचे, पातीच्या टोकापर्यंत. पंधरा दिवसांनी भाऊ वैतागला. "अक्का, कांदा काय बाळ हाय व्हय, रोज रोज फोटू काडाया? शेजारी हसतेत मला." मी हे सरांना सांगितलं नाही. जुनाच फोटो परत दाखवला. त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला.

त्या दिवसांत त्यांचं खाणंही कमी झालं होतं. संस्थेनं त्यांचा रिपोर्ट छापला तेव्हा त्यांनी दिलेल्या दोन टोकांच्या मधला एकच आकडा काढून छापला. एरवी ते आठवडाभर पत्रं लिहून भांडले असते. या वेळी कागद बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "काढणीला माणसं मिळाली का?"

काढणी झाली, कांदा वाळला, आणि नेमकं तेव्हाच टीव्हीवर आलं की बाहेरच्या देशातून कांदा मागवणार आहेत. बाजार दोन दिवसांत खाली आला. मी सकाळी गेले तर सर नकाशासमोर उभे होते. सगळ्यांचं मन थोडंफार मॉडेलमध्ये बसवता येतं, म्हणाले, पावसाचंसुद्धा, पण मंत्र्याचं बसत नाही. मग म्हणाले, "अक्का, भावाला थांबायला सांगू का? की आत्ताच पाठवायला सांगू?" हा प्रश्न ते मला विचारत होते. मी म्हटलं, त्यानं लॉरी भरली सर, तो निघाला.

लॉरी यशवंतपूरला आली त्या दिवशी सर मला घेऊन ऑटोनं निघाले. ऑटोवाल्याला किती वेळ लागेल तेसुद्धा विचारलं नाही. बाजाराच्या दाराशी ऑटो थांबला आणि मी उतरले. सर उतरले नाहीत. दर रविवारी ज्या दारानं आत जायचे त्याच दारासमोर कानटोपी घट्ट ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी इथं आहे."

मी एकटी आत गेले. आयुष्यात इतक्या पुरुषांमधून मी कधी चालले नव्हते. कांद्याच्या पोत्यांच्या भिंतीच भिंती, हमाल ओरडत पळतायत, मी पदर घट्ट धरून नुसतं भावाला शोधत होते. तो दलालाच्या गाळ्यासमोर उभा होता, डोळे लाल, लॉरीत बसून आलेला. मला बघून नुसती मान हलवली.

दलालानं आमच्यातलं एक पोतं फोडून खाली ओतलं. व्यापारी आले. एकानं कांदा हातात घेऊन दाबला, दुसऱ्यानं साल सोलून बघितली, एक जण नुसताच बघून निघून गेला. तो गेला तेव्हा भावानं माझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मग बोली सुरू झाली. मला कन्नड येतं, पण त्या वेगात मला काही कळेना. मी भावाच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याचे ओठ हलत होते, तो आकडे पुटपुटत होता, आणि मग ते हलायचे थांबले.

"झालं," तो म्हणाला.

सोनं नव्हतं झालं. टीव्हीवरची बातमी आली नसती तर आणखी मिळाले असते. पण गेल्या सालच्या तिप्पट भाव होता, आणि तूर अजून रानात उभी होती. भाऊ पोत्यावर टेकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "त्या वॉचमनच्या जागंला नको म्हनून सांग. रान वाट्यानं देत न्हाई मी."

मी पळत बाहेर आले. मी पळते हे मला ऑटोजवळ आल्यावर कळलं. सर डोळे मिटून बसले होते. ऑटोवाला बाहेर उभा राहून मला खुणेनं विचारत होता की यांना बरं नाही का? मी समोर जाऊन उभी राहिले. सरांनी डोळे उघडले. त्यांनी भाव विचारला नाही. विचारलं, "भाऊ काय म्हणाला?"

"रान वाट्यानं देत नाही म्हणाला."

सरांनी कानटोपी काढली. डोक्यावर चार पांढरे केस उभे राहिले होते. ती टोपी मांडीवर ठेवून ते तिच्याकडंच बघत बसले.

मागून भाऊ आला. त्यानं सरांना कधी बघितलं नव्हतं. वाकून पाय धरायला गेला तर सरांनी ऑटोतच पाय वर घेतले, पोरासारखे. म्हणाले, ते नको, पण सगळ्या रानात कांदा केला असता तर आज आणखी मिळाले असते, कळतंय ना तुला?

"कळतंय की. आन् पडला आसता तर काय, ते तुमाला कळतंय," भाऊ म्हणाला. मग ऑटोला टेकून हसला. "तुमी सत्तर म्हनला, मी सत्तर गुंठे दिलं. पुढल्या साली नव्वद म्हना की."

"पुढल्या साली आजचा भाव बघून सगळे लावतील," सर म्हणाले. "पुढल्या साली मी चाळीस म्हणेन."

"मग चाळीस गुंठे."

"माझ्यावर चाळीस, आणि देवावर साठ?"

"त्याला बी कदी तरी काम लावाया पायजे," भाऊ म्हणाला, आणि सर असे हसले की ऑटोवालाही हसला, त्याला मराठीतलं एक अक्षर कळत नसताना. मी सरांना इतकं मोठ्यानं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. दोन वर्षांनी मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. पण त्या दोन्ही वर्षी पेरणीच्या आधी त्यांनी आपणहून माझ्या भावाला फोन केला, मला मधे न घेता.

भाऊ पैशाचा हिशेब करायला परत आत गेला आणि आम्ही घराकडं निघालो. यशवंतपूरचा पूल ओलांडायच्या आत सर झोपले. मान एका बाजूला, तोंड उघडं, टोपी मांडीवरून घसरून पायाशी. वाटेत गर्दी होती, हॉर्न होते, एका खड्ड्यात ऑटो चांगलाच आदळला, पण ते हलले नाहीत. मी टोपी उचलून हातात धरून बसले.

ऑटो सरांच्या घरासमोर थांबला. ऑटोवाल्यानं मागं वळून सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळू आवाजात विचारलं, "एब्बिसला अक्का?" म्हणजे उठवू का.

मी म्हटलं, "स्वल्प इरली." राहू दे जरा.

त्यानं इंजिन बंद केलं.